मामांच्या पशुखाद्याचं गणित: ऑप्टिमायझेशन मॉडेल स्वतः कसं बांधायचं

फलटणच्या बाजूला माझ्या मामांचं पशुखाद्याचं छोटं युनिट आहे. मका भरडा, गव्हाचा कोंडा, सरकी पेंड, सोया डीओसी (तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड) असं सगळं मिक्सरमधे घालून पोती भरायची आणि आसपासच्या दूधवाल्यांना द्यायची, दिवसाला दोनेक टन माल जातो. मागच्या दिवाळीला गेलो तर मामा म्हणाले, "अरे लेका, तू पुण्यात बसून कंपन्यांचं काय ते ऑप्टिमायझेशन करतोस ना, मग मला सांग एका क्विंटलमधे काय किती टाकू म्हणजे स्वस्तात पडेल आणि गाईचं दूधपण उतरणार नाही." मी म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे. लागले तीन दिवस. त्यातले दोन तास कॉम्प्युटरवर गेले, बाकी सगळा वेळ माणसांना प्रश्न विचारण्यात. तेच इथे क्रमाने लिहितोय, तुमचा प्रॉब्लेम टेम्पोच्या रूटचा असो की नर्सेसच्या ड्युटीचा, पद्धत तीच लागते.

पहिली गोष्ट, लॅपटॉप उघडू नका. कागदावर एकच प्रश्न लिहा: उद्या सकाळी हा माणूस नेमकं काय ठरवणार आहे? मामा ठरवतात की कुठला माल किती किलो टाकायचा. मक्याचा भाव ते ठरवत नाहीत, गाय किती दूध देणार तेही नाही. जे ठरवता येतं ते व्हेरिएबल, जे बाहेरून येतं तो डेटा. वाचायला सोपं वाटतं पण नवीन लोक इथेच घसरतात, "नफा" हा व्हेरिएबल धरून बसतात. नफा तुम्ही ठरवत नाही हो, तो आपोआप निघतो.

मग मी शंभर किलोची बॅच धरली. त्यात २ किलो मिनरल मिक्श्चर आणि १ किलो मीठ फिक्स, त्याला हात लावायचा नाही, म्हणजे राहिले ९७ किलो. चार अक्षरं घेतली, म म्हणजे मका, क म्हणजे कोंडा, स म्हणजे सरकी, ड म्हणजे सोया डीओसी, सगळं किलोमधे. किलोमधे हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, का ते पुढे सांगतो.

डेटा असा धरलाय (भाव समजायला सोपे म्हणून गोल केलेत, आणि प्रोटीन वगैरे तुमच्या मालाचं लॅबमधे टेस्ट करूनच घ्या, पोत्यापोत्यात फरक असतो). मका २४ रुपये किलो, प्रोटीन ९ टक्के. कोंडा २२ रुपये, प्रोटीन १५. सरकी पेंड ३४ रुपये, २३ टक्के. सोया डीओसी ४२ रुपये, ४५ टक्के. दुसरा आकडा टीडीएन, म्हणजे जनावराला पचून अंगी लागणारं एकूण किती, तो मक्याचा ८२, कोंड्याचा ६६, सरकीचा ७०, सोयाचा ७५.

आता ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे काय कमीत कमी करायचंय. खर्च:

२४म + २२क + ३४स + ४२ड

आणि एवढंच देऊन सॉल्व्हर, म्हणजे असली गणितं सोडवणारा प्रोग्रॅम, चालवला तर काय येईल? सगळे शून्य. काहीच न बनवणं सगळ्यात स्वस्त! म्हणून पहिली अट, म + क + स + ड = ९७. आता चालवा, ९७ किलो कोंडा, खर्च २१३४ रुपये. बरोबरच आहे की, सगळ्यात स्वस्त तोच आहे आणि तुम्ही प्रोटीनबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. सॉल्व्हर म्हणजे अतिशय आज्ञाधारक आणि तितकाच बिनडोक गडी, सांगितलं तेवढंच करणार आणि जे सांगायचं राहिलं त्या फटीतून बरोबर बाहेर पडणार.

प्रोटीनची अट टाकली, शंभर किलोत किमान २० किलो:

०.०९म + ०.१५क + ०.२३स + ०.४५ड ≥ २०

उत्तर आलं कोंडा ७८.८ किलो, सोया १८.२ किलो, मका शून्य, सरकी शून्य, खर्च २४९७ रुपये. मी खूश होऊन मामांना दाखवलं. मामांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे खाणार कोण? तू?"

इथून खरं मॉडेलिंग सुरू होतं. माझं मत असं आहे की पहिलं उत्तर जितकं वेडगळ तितकं चांगलं, कारण ज्याला धंदा कळतो तो माणूस "तुमच्या अटी काय आहेत" असं विचारलं तर दोनच अटी सांगतो, पण चुकीचं उत्तर समोर ठेवलं की दहा सांगतो. मामांनी आणि मिक्सरवरच्या काकांनी अर्ध्या तासात सांगितलं ते असं: कोंडा चाळीस किलोच्या वर गेला की माल भुसभुशीत होतो, पोत्यात बसत नाही, गिऱ्हाईक म्हणतं कोंडाच भरलाय. सरकीचा वास आल्याशिवाय म्हशीवाले पोतं उचलत नाहीत, किमान बारा किलो तरी पाहिजेच. टीडीएन ६६ च्या खाली नको (वरच्या उत्तरात तो ६५.७ आला होता, म्हणजे तिथेही काठावरून घसरलाच होता). शेंगदाणा पेंड मी यादीत घेणार होतो, काका म्हणाले पावसाळ्यात तिला बुरशी धरते, आमच्याकडे आता बंदच केलीय. यातलं एकही वाक्य कुठल्या एक्सेलमधे लिहिलेलं नव्हतं.

असल्या वेडगळ उत्तरांची परंपरा जुनी आहे बरं का. जॉर्ज स्टिगलर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९४५ साली हाच प्रश्न माणसांसाठी मांडला होता, ७७ पदार्थ, ९ पोषक घटक, वर्षभराचं सगळ्यात स्वस्त जेवण कुठलं. त्याने अंदाजाने काढलेलं उत्तर १९३९ च्या भावाने ३९.९३ डॉलर होतं. मग १९४७ मधे जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाने असली गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली आणि तिची परीक्षा म्हणून जॅक लॅडरमनच्या टीमने हाच प्रश्न घेतला, हाताने चालवायच्या कॅल्क्युलेटरवर माणसं बसवून, १२० मनुष्यदिवस लागले, उत्तर ३९.६९ डॉलर. म्हणजे स्टिगलरचा अंदाज फक्त २४ सेंटने चुकला होता, मानलं पाहिजे. पण पुढची गोष्ट जास्त मजेशीर. डँट्झिगला पुढे स्वतःचं वजन कमी करायचं होतं म्हणून त्याने स्वतःच्या डाएटचं मॉडेल केलं, पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पदार्थाच्या वजनातून पाणी वजा करून जे उरेल ते जास्तीत जास्त असावं असं ऑब्जेक्टिव्ह ठेवलं, आणि कॉम्प्युटरने सांगितलं रोज ५०० गॅलन व्हिनेगर पी. डेटामधे व्हिनेगरचं पाणी शून्य धरलेलं होतं. व्हिनेगर काढलं तर पुढचं उत्तर रोज २०० सूपच्या वड्या. कारण वड्या किती खाव्यात याला वरची मर्यादाच दिली नव्हती. ज्याने ही विद्या काढली त्याची ही गत, तर आपण ७९ किलो कोंड्याने लाजायचं कारण नाही.

असो. मामांच्या अटी टाकल्या: क ≤ ४०, स ≥ १२, आणि ०.८२म + ०.६६क + ०.७०स + ०.७५ड ≥ ६६. आता उत्तर मका २५ किलो, कोंडा ४०, सरकी १२, सोया २०, दशांश सोडले तर एवढंच, खर्च २७२७.५० रुपये. टीडीएन ७० च्या वर गेला, म्हणजे ती अट सध्या नुसती उभी आहे, काही करत नाही, पण काढू नका, मक्याचा भाव चढला की तीच कामाला येईल.

हे करायला काय लागतं? चार व्हेरिएबलला एक्सेल पुरे. डेटा टॅबमधे सॉल्व्हर दिसत नसेल तर ऑप्शन्समधे ॲड-इन्समधून चालू करायचा. चार सेल किलोसाठी मोकळे ठेवा, खर्चाच्या सेलमधे समप्रॉडक्ट (प्रत्येकाचे किलो गुणिले भाव आणि सगळ्याची बेरीज), प्रोटीन आणि टीडीएनलाही तेच. मग सॉल्व्हरमधे खर्चाचा सेल, मिन, बदलायचे सेल आणि अटी. दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, पद्धत आपोआप जीआरजी नॉनलिनियर निवडलेली असते, ती बदलून सिम्प्लेक्स एलपी करा. दोन, व्हेरिएबल शून्याच्या खाली जाऊ नयेत तो टिक आहे का बघा, नाहीतर उणे मका विकत घेऊन बसाल. आणि सेलमधे इफ किंवा मॅक्स असली फंक्शन्स घुसवू नका, सॉल्व्हर कुरकुरतो की तुमचं मॉडेल लिनियर (म्हणजे व्हेरिएबलला नुसत्या ठरावीक आकड्याने गुणून बेरीज केलेलं) नाही, आणि तो बरोबर असतो.

एक्सेलचा सॉल्व्हर २०० व्हेरिएबलपर्यंतच चालतो. त्यापुढे पायथनमधली पल्प लायब्ररी घ्या, फुकट आहे, किंवा पायोमो, किंवा गूगलचं ओआर-टूल्स. आतला सॉल्व्हर सीबीसी किंवा एडिनबरा विद्यापीठातून आलेला हाय्स, दोन्ही फुकट, बहुतेक छोट्यामोठ्या कामाला भरपूर झाले. मोठा गुरोबी वगैरे पैसेवाला सॉल्व्हर लगेच घेऊ नका, मॉडेल चुकलेलं असेल तर तो चुकीचं उत्तर जास्त वेगाने देईल एवढंच. जाता जाता, या सॉल्व्हर्समधे इंटिरियर पॉइंट म्हणून सिम्प्लेक्सऐवजी दुसऱ्या पद्धतीचा जो पर्याय दिसतो त्याला खरा जोर आला तो १९८४ मधे, नरेंद्र करमरकरांमुळे, ग्वाल्हेरचा जन्म, आयआयटी मुंबईतून शिकलेले, तेव्हा अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत होते. आपल्याकडे हे नाव फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आता ते किलोचं प्रकरण. दुसऱ्या दिवशी मी भाव अपडेट केले आणि सोयाचा भाव बाजारात सांगतात तसा क्विंटलचा टाकला, ४२००, बाकीचे किलोचेच राहिले. उत्तर आलं सोया शून्य, मका शून्य आणि सरकी ६८ किलो. एरर नाही, लाल अक्षर नाही, सॉल्व्हर छाती पुढे काढून म्हणतोय ऑप्टिमल सापडलं. नशीब मामा शेजारी होते. तेव्हापासून डेटाच्या प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर युनिट लिहितो आणि निघालेल्या उत्तराचा खर्च एकदा साध्या कॅल्क्युलेटरवर हाताने काढून बघतो, दोन मिनिटं लागतात.

टक्केवारीबद्दल एक युक्ती सांगून ठेवतो. आपली बॅच ९७ वर फिक्स होती म्हणून प्रोटीन सरळ किलोत लिहिता आलं. पण एकूण माल किती बनवायचा तेही मॉडेलनेच ठरवायचं असेल तर लोक लिहितात "प्रोटीन भागिले एकूण ≥ ०.२०", आणि व्हेरिएबलने व्हेरिएबलला भागलं की लिनियरपणा गेला. भागू नका, गुणून पलीकडे न्या: प्रोटीन ≥ ०.२० × एकूण. तीच अट, पण आता सरळ रेषेतली. शाळेत सहावी-सातवीत शिकलेली गोष्ट आहे, पण मोठ्या पगाराची माणसं इथे अडकलेली मी बघितलीत.

मामांना सगळ्यात आवडलं ते उत्तर नाहीच, सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट. सॉल्व्हर झाल्यावर एक्सेल विचारतो रिपोर्ट हवा का, तिथे सेन्सिटिव्हिटी निवडा, त्यात शॅडो प्राइस आणि रिड्यूस्ड कॉस्ट असे कॉलम येतात. म्हणजे अट एक घर सैल किंवा घट्ट केली तर खर्च किती हलतो. आमच्या मॉडेलमधे प्रोटीनच्या अटीवर ५० आले, म्हणजे २० चं २१ टक्के केलं तर क्विंटलला ५० रुपये जादा. कोंड्याच्या मर्यादेवर उणे ५, म्हणजे चाळीसच्या जागी एक्केचाळीस चालवून घेतला तर ५ रुपये वाचतात. आणि सरकीवर ३. हे ऐकून मामा गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे त्या वासाचे मी क्विंटलला ३६ रुपये मोजतोय होय?" हो, १२ किलो गुणिले ३. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की ३६ रुपये परवडतात, गिऱ्हाईक तुटलं तर जास्त जाईल. निर्णय त्यांचाच, पण आता त्याला किंमत लागलेली होती. (हे आकडे थोडं हलवण्यापुरतेच खरे असतात हां, सरकी एकदम शून्यावर आणली तर दुसरीच एखादी अट आडवी येऊ शकते, म्हणून मोठा बदल असेल तर मॉडेल परत चालवा. आम्ही चालवलं, ३६ च आला.)

आता अवघड भाग, हो-नाहीचे निर्णय. डीओसीचा व्यापारी म्हणाला आठवड्याला ६० पोती उचलत असाल तर गाडी पाठवतो, नाहीतर नाही. म्हणजे एकतर शून्य नाहीतर ६० च्या वर, मधलं काही नाही. याला ० किंवा १ च होऊ शकेल असा व्हेरिएबल लागतो, त्याला ह म्हणू, ह १ म्हणजे गाडी बोलावली. पोती प असतील तर दोन ओळी:

प ≥ ६० × ह
प ≤ १२० × ह

ह शून्य असेल तर दुसरी ओळ प ला शून्यावर दाबते. ह एक असेल तर प ६० ते १२० मधे. आता ते १२० कुठून आलं? मामांच्या गोडाऊनमधे डीओसीची तेवढीच पोती मावतात. अशा ठिकाणी "मोठा आकडा" टाका असं सगळीकडे शिकवतात आणि पोरं बिनधास्त दहा लाख टाकतात. तसं करू नका, कारण असं आहे की सॉल्व्हरच्या लेखी शून्य म्हणजे अगदी शून्य नसतं, ०.०००००१ इतकं असलं तरी तो शून्यच समजतो. दहा लाखाला त्याने गुणा, आलं १. म्हणजे गाडी बोलावलेली नाही आणि तरी एक पोतं गोडाऊनमधे आलं, फुकटात गाडी! मोठ्या मॉडेलमधे हा चोर सापडायला दिवस जातात, शिवाय सॉल्व्हर हळू होतो ते वेगळंच. म्हणून तो आकडा प्रत्यक्षात शक्य आहे त्यातला सगळ्यात लहान ठेवा, गोडाऊन, गाडी, पाळीचे तास, काहीतरी खरी मर्यादा असतेच. आणि पूर्णांक व्हेरिएबल आले की एक्सेलचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट बंद होतो हेही लक्षात असू द्या, तिथे मग आकडे बदलून दोनचारदा चालवून बघणं हाच मार्ग.

हो-नाही व्हेरिएबल वाढले की वेळ वाढतो. दहा गावांतून दूध गोळा करायच्या टेम्पोचे क्रमच ३६,२८,८०० होतात. सॉल्व्हर अर्थातच एकेक मोजत बसत नाही, पण शेवटच्या एक टक्क्यासाठी रात्रभर घुमत राहू शकतो, तेव्हा गॅप, म्हणजे हातातलं उत्तर आणि जास्तीत जास्त चांगलं शक्य उत्तर यातला फरक, एक-दोन टक्क्यांवर आला की थांबव असं सांगा आणि जेवायला जा. तसंही डिझेलचा अंदाज पाच टक्क्याने चुकलेला असतो.

आणि उत्तरच नाही असं आलं तर? इनफीझिबल. घाबरायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही, अटी एकमेकींशी भांडतायत एवढाच अर्थ. ड्युटी लावण्याच्या मॉडेलमधे हे रोजचं आहे, रात्रपाळीनंतर लगेच सकाळपाळी नको, प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी हवी, दर पाळीला दोन अनुभवी माणसं हवीत, आणि माणसं आहेत पाच. अटी एकेक काढून बघणं हा एक उपाय. मला आवडतो तो दुसरा: प्रत्येक अटीला तूट नावाचा एक व्हेरिएबल जोडायचा, प्रोटीन + तूट ≥ २० असा, आणि ऑब्जेक्टिव्हमधे त्या तुटीला दंड लावायचा, किलोला हजार रुपये वगैरे. आता मॉडेल कधीच अडणार नाही, उलट बोट दाखवून सांगेल की इथे एवढं कमी पडतंय. दंड किती लावायचा हे मात्र त्या माणसाला विचारून, कारण कुठली अट मोडली तर चालेल आणि कुठली मोडली तर भांडण होईल हे त्यालाच माहीत असतं.

शेवटचं काम, दुसऱ्याच्या हातात देण्याजोगं करणं. मामांसाठी मी एकच शीट ठेवली, पिवळे सेल भावाचे, ते दर सोमवारी बाजार बघून बदलायचे, हिरवे सेल उत्तराचे, बाकी सगळं लॉक. खाली एक ओळ जादा टाकली, मागच्या आठवड्याचं मिश्रण आजच्या भावाने केलं असतं तर खर्च किती. फरक क्विंटलला दहा रुपयांच्या आत असेल तर मिश्रण बदलायचं नाही असं काकांनी बजावलंय, कारण दर आठवड्याला चव बदलली की जनावर दोन दिवस तोंड लावत नाही. ती अटपण मी नंतर मॉडेलमधे घातली, कुठलाही घटक मागच्या आठवड्यापेक्षा पाच किलोच्या वर हलवायचा नाही. आता मामा शेंगदाणा पेंड हिवाळ्यापुरती परत घ्यावी का म्हणून विचारतायत, त्यासाठी म, क, स, ड च्या शेजारी पाचवा कॉलम लागेल, लॅबचा रिपोर्ट आला की टाकतो.